निजायच्या खोलीचा रंग

घराची बैठक साऱ्या गावाला परिचित असते. निजायच्या खोलीत मात्र डॉक्टर आणि धर्मगुरू यांच्याखेरीज परका माणूस सहसा जात नाही. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यावयास जातो तेव्हा एक गोष्ट मला नेहमी खटकते. बैठकीची खोली दर नाताळाला उजळते. पण ज्या खोलीत एखादा जीव अहोरात्र त्याच चार भिंतींकडे पाहत पडलेला असतो, तिचे पोपडे वर्षानुवर्षे तसेच राहतात.

विचारले तर उत्तर ठरलेले : "फादर, रंग द्यायचाच आहे, पण आता नको, नंतर बघू." या 'नंतर'चा अर्थ घरात सर्वांना ठाऊक असतो, अंथरुणावरच्या माणसालाही. मग मासिक मिस्सेला पाहुणे यायच्या आत भिंती नव्या होतात!

आपल्या एका संस्काराचीही अशीच गत झाली होती. त्याला 'अंत्याभ्यंग' म्हणत आणि फादर दारात दिसले की रुग्णाच्या पोटात गोळा येई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरविले. 1972 साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला. तरीही शेवटच्या घटकेची वाट पाहण्याची सवय पुरती गेलेली नाही.

वसईतल्या एका जुन्या घरातील सूनबाईंनी मात्र ही रीत मोडली. सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. भिंती विटा-चुन्याच्या, त्यांवर कधीकाळी दिलेला गडद हिरवा ऑइलपेंट. अशा भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू पाहते. ऑइलपेंटचा थर तिला अडवितो, मग फुगे येतात, खपल्या पडतात. वर आणखी एक हात मारून हे दुखणे जात नाही. जुना थर काढावाच लागतो. तोही कोरडा घासून नव्हे. घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे बरेच असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. म्हणून भिंती ओल्या करून खरवडल्या, खपल्या पिशवीत भरल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली. तोवर आजींची खाट आणि नातवंडे पलीकडच्या खोलीत.

कोणता रंग द्यावा, यावर घरात दोन दिवस खल झाला. मुलाला क्रीम हवा होता, नातीला गुलाबी. आजींना विचारावे हे सुचले तेही सूनबाईंनाच. आजी म्हणाल्या, "चुनाच दे गं पोरी, चिमूटभर नीळ घालून."

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस होते. चुना विरवला, गाळला आणि पातळ करून त्याचे तीन हात दिले. ओला असताना तो मळकट, फिका दिसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पांढरा आणि घट्ट होतो. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी वाटते, पैसे पाण्यात गेले. भिंतीला पाठ टेकली तर कपड्याला चुना लागतो, हा त्याचा दोष. पण भिंतीची ओल तो कोंडीत नाही.

खाट परत आणली ती खिडकीकडे तोंड करून. मुलगा क्रूस जुन्याच खिळ्याला अडकवू लागला, तोच आजींनी हाताने 'खाली' अशी खूण केली. उशीवरून तो त्यांना कधी नीट दिसलाच नव्हता. खिळा दोन वीत खाली ठोकला.