ठिपक्यांचे मास्तर

रात्री साडेअकराला नाशिकच्या कॉलेज रोडवरची वर्दळ ओसरते, खालच्या चहावाल्याचं शटर खडखडत पडतं आणि मी काळ्या पडद्यावर एकच शब्द टाइप करतो : पायटेस्ट. एंटर दाबलं की प्रोग्राम तपासणारे हे मास्तर वर्गावर येतात.

माझा प्रोग्राम कांद्याची हिशोबपट्टी काढतो. लासलगावला लिलाव झाला, ट्रॅक्टर भुईकाट्यावरून उतरला की शेतकऱ्याच्या हातात पडते तीच : वजन, भाव, हमाली, तोलाई आणि उरलेली रक्कम. प्रोग्रामच्या चाचण्या दहा फायलींत विखुरलेल्या. मास्तर एकेक फोल्डर धुंडाळतात, फायलीचं नाव पुकारतात आणि पुढे ठिपके मांडत जातात. पास झालेल्या चाचणीला एक ठिपका. शाबासकी वगैरे नाही. नापास झाली की लाल ‘एफ’, मुद्दाम वगळली असेल तर ‘एस’. पन्नासेक चाचण्यांची हजेरी सेकंदाच्या आत उरकते.

चूक सापडली तरी आवाज चढत नाही. परवा वजनातला अपूर्णांक माझ्या हातून गळला. १२.४० क्विंटल कांदा, भाव १,८५० रुपये. मास्तरांनी दोन आकडे समोरासमोर उभे केले : २२,२०० आणि २२,९४०. मधले ७४० रुपये कुणाच्या घामाचे, यावर चकार शब्द नाही. फाईल अमुक, ओळ अमुक, बस्स. सांगितलं तर गेल्या खेपेला नापास झालेल्यांनाच पुन्हा उभं करतात; ‘एक्स’ लावला तर पहिल्या नापासालाच तास संपवतात.

घराणं जुनं. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट हे चाचण्यांचं साधन लिहायला घेतलं. त्याच वळणाचं युनिटटेस्ट २००१ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.१ आवृत्तीत आलं. मास्तर त्यांच्या मागचे, होल्गर क्रेकेल यांच्या हातचे. पण थोरल्यांच्या पद्धतीच्या वह्याही विनातक्रार तपासतात.

खोड एकच, हजेरीपटाबाहेर बघायचं नाही. फायलीच्या नावाच्या सुरुवातीला ‘टेस्ट_’ किंवा शेवटी ‘_टेस्ट’ असेल, तरच ती पटावर. तोलाईच्या सहा चाचण्या लिहून मी फायलीला नाव दिलं ‘तोलाई_टेस्ट्स’. शेवटचा ‘एस’ जास्तीचा. तीन आठवडे पडदा हिरवागार आणि मी खुशीत. मग एका रात्री शेवटच्या ओळीवर नजर अडली : ४१ पास. सहा चाचण्या लिहायच्या आधीही ४१च होते! नाव सुधारलं. ४५ पास, २ नापास.

मला मास्तरांचा राग आला, पण तो टिकेना. अख्खा वर्ग रिकामा असता तर एकही चाचणी सापडली नाही म्हणून त्यांनी स्पष्ट कळवलं असतं. पटावर नावच नसलेलं पोर गैरहजर कसं मांडणार?

आज ४७ पास. मास्तर हिरवी रेघ ओढून मोकळे झाले. मी पडद्यावर बोट ठेवून फायली मोजल्या, दहाच्या दहा. मगच दिवा मालवला.