वैनगंगेकाठचा शिकाऊ बातमीदार

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन भंडाऱ्याला परतलो, त्याच आठवड्यात एक अनोळखी मुलगा आमच्या विहाराच्या पायरीवर बॅग घेऊन बसलेला दिसला. उठून "जयभीम काका" म्हणाला. नांदेडकडचा. वडील हमाली करतात. पत्रकारितेचा अभ्यासक्रम शिकताना एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात अडीच महिन्यांसाठी शिकाऊ बातमीदार म्हणून आला होता. खेळाच्या बातम्या कोणालाच नको असतात, म्हणून त्या याच्याकडे आल्या होत्या.

दिवसभर तो खोली शोधत फिरला होता. खोल्या रिकाम्या होत्या, पण नाव सांगेपर्यंतच. आडनाव सांगितले की घरमालकाला आठवायचे, कालच एका पाहुण्याला शब्द दिला आहे. तीन ठिकाणी असे झाले. चौथ्या ठिकाणी तो गेलाच नाही, कोणाला तरी विहाराचा पत्ता विचारून सरळ इकडे आला. त्याच रात्री वस्तीतल्या एका आजीच्या मागच्या खोलीत त्याची सोय झाली. आजी एकटीच राहते. भाड्याचे विचारले तर म्हणाली, "खाय, राह्य, मंग पाहू."

खाण्याचा प्रश्न मात्र भाड्याहून अवघड निघाला. पोरगा ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला आणि आमचा जिल्हा तलावांचा व धानाचा. सकाळी भात, रात्री भात, सोबत लाखोळीच्या डाळीचे वरण. पहिले आठ दिवस त्याला जेवल्यासारखेच वाटेना. ताट रिकामे झाले तरी आणखी काही येईल म्हणून तो बसून राही आणि आजी त्याला आणखी भात वाढी. मानधन ठरलेले नव्हते, बसभाडे तेवढे मिळे, तेही बिले दिल्यावर. त्यामुळे बाहेर तर्री-पोहे खाणे आठवड्यातून एकदाच.

त्याचा दिवस पहाटे साडेपाचला मैदानावर सुरू होई. भंडाऱ्यात पहाटेच्या मैदानावर पाहावे तर क्रिकेटपेक्षा पोलीस भरतीची तयारी करणारी पोरेपोरीच जास्त. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. आसपासच्या खेड्यांतून मुली अंधारातच सायकलने येतात. काहींच्या पायात बूट नसतात. हा मुलगा घड्याळ धरून त्यांची वेळ मोजून देई आणि वहीत लिहून ठेवी. एके दिवशी त्याने त्यांच्यावर बातमी लिहून नेली. कार्यालयात सांगण्यात आले, हा खेळ नाही, ही नोकरीची तयारी आहे, क्रीडा पानावर चालणार नाही. रात्री माझ्याकडे येऊन तो तणतणला. एका मुलीने त्याला सांगितले होते, "सर, मला पदक नको, गुण पाहिजेत." ते वाक्य त्याला छापायचे होते. मला विचाराल तर ज्या धावण्यावर घरची चूल अवलंबून आहे, ते धावणे खेळात धरायला काय हरकत आहे? पण माझे मत कोण छापतो!

दुपारी शाळांचे दूरध्वनी, तालुक्यांचे निकाल. शालेय स्पर्धांचा तो हंगाम होता. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील गट, कबड्डी, खो-खो, कुस्ती, मैदानी खेळ. संध्याकाळी टंकलेखन. पान नागपुरात लागते, भंडाऱ्याच्या वाट्याला येते बोटभर जागा. एकदा त्याने एक छापील बातमी माझ्यापुढे ठेवली आणि मोजायला सांगितले. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक, आभारकर्ते मिळून चौदा नावे होती. जिंकलेल्या मुलींपैकी एकीचेही नाव नव्हते. मी गेली वीस वर्षे वर्तमानपत्र वाचतो, आमच्या कार्यक्रमांच्या बातम्याही अशाच पाठवतो. हे मला कधी खटकले नव्हते.

पुढे एक दिवस सुटी होती, म्हणून त्याच्याबरोबर तुमसरला कुस्त्या पाहायला गेलो. वरठीच्या रेल्वे स्टेशनावरून पुढे मोहाडी लागली तसा तो खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाला, "काका, खैरलांजी इकडेच ना?" मी मान हलविली. २९ सप्टेंबर २००६. ती बातमी तिच्या खऱ्या स्वरूपात बाहेर यायला किती आठवडे लागले, हे या जिल्ह्यातील आपल्या माणसांना ठाऊक आहे. तुमसर येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

पवनीचा रविवार मात्र विसरण्यासारखा नाही. धान कापणी चालू होती. अड्याळवरून बस जाताना दोन्ही बाजूंना पेंढ्या रचलेल्या आणि उताऱ्यांच्या पायाखाली गवताचा ओला वास. बसमध्ये मी त्याला पाळवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. त्याला सचिन, कांबळी पाठ. बाळू माहीत नव्हते! चर्मकार समाजातला हा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करी. पुढे हिंदूंच्या संघात घेतला गेला, पण खेळाच्या मधल्या वेळेत चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, तरी कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, म्हणून आपल्यात त्यांचे नाव फारसे निघत नाही. मला ते बरोबर वाटत नाही. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेबांना पडलेले पाहिले, तिथल्या माणसाने हरलेल्याचे नाव गाळू नये.

पवनी तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा कबड्डीचा सामना होता. मातीवर पाणी शिंपडलेले, चुन्याच्या रेषा, भोवती अख्खे गाव. शेवटची चढाई उरली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. एक सडपातळ मुलगी दम धरून आत शिरली, कोपऱ्यातल्या रक्षकाला पाय लावला आणि तिघींनी धरले असताना हात लांबवून रेषा गाठली. पंचांनी गुण दिला. आमचा बातमीदार लिहायचे विसरून टाळ्या वाजवीत होता. मग सामना संपल्यावर सातही जणींना ओळीने उभे करून त्याने नावे लिहून घेतली. राखीव पाच जणींचीही घेतली.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून जगन्नाथ टेकडीकडे गेलो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने पवनीत उत्खनन केले, तेव्हा तिथे दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. एकावर मुचलिंद नागाचे नाव, पण बहुतेक लेख दान देणाऱ्यांचे. कोणी उपासक, कोणी उपासिका, राजे नव्हेत. आपल्या ऐपतीचा एक दगड दिला आणि त्यावर आपले नाव कोरवून घेतले. मी हे सांगत असताना तो वही उघडून दुपारची बारा नावे पुन्हा तपासत होता. इकडे झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. नांदेडच्या कानाला काय ऐकू आले याची त्याला खात्री वाटेना.

त्या रात्री कुठलीशी जाहिरात आयत्या वेळी आली नाही आणि पानावर जागा उरली. बाराही नावे छापून आली. पाहुण्यांची नावे गळाली, त्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याला बोलणीही बसली. पण त्याला खरी धास्ती वेगळीच होती. चढाई करणाऱ्या मुलीचे आडनाव चुकले होते.

सकाळच्या बसने तो एकटाच तिच्या गावी माफी मागायला गेला. आई ओसरीत बिड्या वळीत होती. तंबाखू-पानाच्या सुपातच बातमीचे कात्रण ठेवलेले, वाऱ्याने उडू नये म्हणून वर कात्री. मुलीने निळ्या पेनाने आडनाव खोडून वर बरोबर लिहिले होते. तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी सर, लिवून झालं का आमाले वाचून दाखवा."

डिसेंबरच्या शेवटी तो नांदेडला परत गेला. जाताना भाताची सवय झाल्याचे त्याने कबूल केले. पहाटेच्या धावणाऱ्यांच्या वेळा लिहिलेली वही मैदानावरच्या त्या मुलीला देऊन गेला. आजीची मागची खोली तेव्हापासून रिकामीच आहे. शिकण्यासाठी किंवा कामासाठी कोणाचा मुलगा वा मुलगी भंडाऱ्याला येत असेल, तर विहारात चौकशी करावी. भाड्याचे आजी सांगेल. दोन्ही वेळ भात मिळेल.