निळ्या रंगाचा वाद आणि मुंबई बंदर

१/ फणसवाडीतल्या जुन्या चाळीच्या गॅलरीतून आकाश अखंड दिसत नाही. समोरच्या छपराच्या वर त्याची चिंचोळी पट्टी तेवढी उरते. पावसाने उघडीप दिली की ती गडद निळी होते, हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी पांढुरकी. या निळाईच्या इतिहासातले एक पान इथून पायी जाता येईल अशा मुंबई बंदराशी जोडलेले आहे.

२/ सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर आदळून चहूकडे विखुरतो. तरंगलांबी जितकी आखूड, तितके हे विकिरण अधिक. म्हणून निळा प्रकाश तांबड्याच्या पाच-सहा पट विखुरतो. हा नियम जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच पुढचे लॉर्ड रॅले, यांनी १८७१ मध्ये मांडला. धुळीचे मोठे कण मात्र सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात; पट्टी पांढुरकी दिसते ती त्यामुळे.

३/ सूर्यास्ताला किरणांना हवेचा फार लांब पल्ला कापावा लागतो. निळा वाटेतच विखुरतो आणि गिरगाव चौपाटीवर तांबडा तेवढा पोहोचतो.

४/ मग समुद्र निळा का? रॅले यांच्या मते ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब. एवढ्या मोठ्या नावापुढे वाद संपल्यासारखाच होता.

५/ सप्टेंबर १९२१. कलकत्ता विद्यापीठाचे ३२ वर्षांचे प्राध्यापक सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांनी जवळचा निकोल लोलक डोळ्यांशी धरला. योग्य कोनातून पाहिल्यास पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश हा लोलक अडवतो. प्रतिबिंब पुसले गेले. समुद्र निळाच राहिला.

६/ २६ सप्टेंबरला, बोट मुंबई बंदरात असताना, त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिले: पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात.

७/ हेही उत्तर अपुरेच होते. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हे समुद्राच्या निळाईचे मुख्य कारण आज मानले जाते. पण त्या प्रश्नाने रामन यांना सोडले नाही. विकिरणाचा माग काढता काढता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना आणि के. एस. कृष्णन यांना ‘रामन परिणाम’ गवसला; १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळाले.

८/ रॅले आकाशाबाबत बरोबर होते, समुद्राबाबत चुकले. रामन यांनी त्यांची चूक दाखवली, आणि पुढच्यांनी रामन यांचे उत्तर दुरुस्त केले. बोटीवरचे बाकीचे प्रवासीही तोच समुद्र पाहत होते. लोलक मात्र एकाच्याच हाती होता.