ग्रीस नको, तेल द्या!

आमच्या जुहूच्या सोसायटीत अप्पांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. तुम्ही म्हणाल, ही कसली स्पोर्ट्‌स कार? बरोबर. पण ट्रायम्फने 1962 साली स्पिटफायर ही देखणी टू-सीटर काढली ती 1959 च्या हेरल्डचीच चासी आखूड करून, आणि पुढचं सस्पेन्शनही तिचंच घेतलं. आपल्याकडे हेरल्ड मद्रासला बनायची. म्हणजे अप्पांच्या गाडीला पाय स्पोर्ट्‌स कारचे! हे कळल्यापासून अप्पा पार्किंगमध्ये जरा ताठ चालतात.

मे महिन्यात गाडी खड्ड्यात खडखडायला लागली. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, तर खालच्या बाजूला चांगलाच खेळ. हेरल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून काम करता येतं. एवढी सोय आजच्या एकाही गाडीत नाही.

दोषी निघाला ट्रनिअन. हा एक पितळी ठोकळा, आत आटे कापलेले. (कॉन्व्हेंटच्या कृपेने मला फक्त ‘थ्रेड’ माहीत होते, ‘आटे’ मिस्त्रींनी शिकवले.) चाक धरणाऱ्या पोलादी दांड्याचं खालचं टोक त्यात स्क्रूसारखं बसतं. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. थोडक्यात, चाक वळतं ते एका स्क्रूवर!

त्या स्क्रूला हवं 90 नंबरचं गिअर ऑइल. पण निपल दिसलं की ग्रीसगन लावायची, ही आपली सवय. ग्रीस घट्ट होतं, खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, तिथे पाणी साचतं आणि पोलाद आतल्या आत गंजतं. त्यात आमची खारी हवा, जी खिडकीच्या गजांनाही सोडत नाही. मग दांडा एक दिवस तुटतो. बरेचदा पार्किंगमध्ये, कारण उभ्या गाडीचं चाक वळवताना जोर जास्त लागतो. पण नेहमी पार्किंगमध्येच तुटेल याची गॅरंटी कोण देणार?

मिस्त्री म्हणाले, “ताई, वेल्डिंगने भरून लेथवर नवे आटे पाडून देतो. संध्याकाळी गाडी तयार.” त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण जिथे आधीच सगळ्यात जास्त ताण, तिथेच वेल्डिंगची उष्णता द्यायची? मी नाही म्हटलं. अप्पा वैतागले. “अगं, तू अजून थर्ड इयरला!” मी वाद घातला नाही. दांडा रॉकेलने धुऊन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, नख फिरवून बघा. शेवटच्या आट्यांशी गंजाने खड्डा पडला होता. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. दर रविवारी नातवाला पुढे बसवून ते पार्ल्याला जातात...

दांडे आणि ट्रनिअन इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. ते यायला महिना गेला, पैसेही बरेच गेले. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. खोक्यावरचं इंग्रजी वाचायच्या आधीच मिस्त्रींनी ते बोटांनी ओळखलं! ट्रनिअन शेवटपर्यंत फिरवून मग थोडा मागे घ्यायचा, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळतं. नायलॉनचे बुशही बदलले. आता टो-इन तेवढं सुतळी लावून मोजायचं राहिलंय. अप्पांनी मात्र तेलाची पिचकारी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे, कुलूप लावून.