दहापैकी चार

आमचे अण्णा गणिताचे मास्तर. गुण देण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका चिक्कू माणूस पंचक्रोशीत नसेल. उत्तर बरोबर, पण पुढे ‘रुपये’ लिहायचे राहिले, की अर्धा गुण गेलाच! त्यामुळे इस्पितळात सिस्टरने, “आजोबा, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?” असे विचारले, तेव्हाच मी मनात हसलो.

“चार,” अण्णा म्हणाले.

तिने चार लिहून घेतले. चादरीत रुतलेली त्यांची मूठ माझ्या बाजूला होती.

कर्करोग हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाईंचा त्या आकड्यावर विश्वास बसला नसावा. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या; दर चार तासांनी एक, दुखो वा न दुखो. मॉर्फिन म्हणजे अफूचाच अर्क! जन्मभर सुपारीचे खांडही न चघळलेल्या माणसाला शेवटी हे व्यसन लावायचे? सिस्टर गोळी माझ्या हाती देऊन पुढच्या खाटेकडे वळे, आणि मी ती हळूच रुमालात बांधून ठेवी. फारच कळ आली तर देऊ, असा माझा शहाणा हिशेब. दोन दिवस तो चालला. अण्णांचे उत्तर मात्र रोज चारच.

तिसऱ्या दिवशी रुमाल पकडला गेला. बाईंनी मला व्हरांड्यात नेले. दुखणे उठल्यावर त्याच्यामागे धावायचे नसते, ते उठण्याआधीच गोळी पोटात हवी. वेदनेसाठी बेताने दिलेल्या औषधाचे व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठ मात्र नक्की होतो, म्हणून सोबत रेचक असते. सगळे त्यांनी शांतपणे सांगितले. अफू आपल्याच मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकते. तरी १९८५ च्या कायद्याने कागदपत्रांचे असे जंजाळ उभे केले, की कित्येक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तेव्हा वाट जराशी मोकळी झाली. “आणि इतकं करून गोळी खाटेपर्यंत पोचली,” बाई म्हणाल्या, “ती तुम्ही अडवलीत. बरं, तशी स्वस्तातली गोळी ही!”

त्या दिवसापासून घड्याळ लावून गोळ्या दिल्या. दुसऱ्या सकाळी अण्णांनी दाढी करून मागितली आणि सिस्टरला सांगितले, “दोन.”

ती गेल्यावर मी विचारले, “अण्णा, आधीचे ते चार खरे होते का हो?”

पेपर तपासताना थांबत तसे ते क्षणभर थांबले. “नऊ.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू गोळी रुमालात बांधताना पाहिलं होतं मी. म्हटलं, महाग असेल.”