वाढत्या मुलींचं वजन आणि दहा उपवास



भाद्रपद जवळ आला की आपल्याकडे दोन विषय निघतात. यंदा कोण किती उपवास करणार, आणि कुणाची मुलगी केवढी झाली. या "केवढी"मध्ये उंची कमी आणि अंग जास्त असतं. मंदिरात अभिषेकाला उभं असताना, पंगतीत वाढताना, लग्नाच्या कार्यालयात, "अगं, ही किती सुटली गं!" असं मुलीच्या देखत तिच्या आईला सांगितलं जातं. बोलणारीच्या मनात वाईट नसतं, ती पुढच्या पानावर भात वाढायला निघूनही जाते. मुलगी मात्र ते वाक्य घरी घेऊन येते.

माझी धाकटी साडेबारा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिचं वजन ३२ किलोवरून ४३ वर गेलं आणि उंची १३८ सेंटिमीटरवरून १५२ वर. गेल्या आठवड्यात तिनं जाहीर केलं, "यंदा दशलक्षणात मी दहाही उपवास करणार." सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रात्री ती दादाला हळूच विचारत होती, "दहा उपवासांत किती किलो कमी होतं रे?" ते माझ्या कानावर पडलं, आणि हा लेख त्यामुळेच लिहायला घेतला.

आधी शरीराचं बघू. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या अंगातल्या चरबीच्या प्रमाणात फारसा फरक नसतो. वयात येताना दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मुलाच्या अंगावर मुख्यतः स्नायू आणि हाडं वाढतात, त्यामुळे चरबीचं प्रमाण उलट घटतं. मुलीचे स्नायू आणि हाडंही वाढतात, पण त्याबरोबर मांड्या, नितंब आणि छातीवर चरबी साठते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ते काम करतं. वाढ पूर्ण होते तेव्हा निरोगी मुलीच्या वजनाचा साधारण पाव भाग चरबीचा असतो, तिच्याच वयाच्या मुलाच्या जवळपास दुप्पट. माझा थोरला बाराव्या वर्षी चांगला गुबगुबीत होता, चौदाव्या वर्षी एकदम ताडमाड झाला आणि गाल गेले ते गेलेच. धाकटी त्याच्याच ताटातलं, त्याच्याएवढंच जेवते आणि तिची कंबर-मांडी भरते. ती ते रोज बघते आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजते. तिचं काहीच चुकलेलं नाही.

या वाढीला क्रमही असतो. मुलींच्या बाबतीत आधी छातीत गाठ जाणवते, मग उंची झपाट्यानं वाढते, त्यानंतर काही महिन्यांनी वजनाची झेप येते, आणि पाळी बहुधा उंचीचा जोर ओसरू लागल्यावर सुरू होते. पाळीनंतर उंची साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. म्हणजे "पाळी आल्यावर जाड झाली" असं आपण जे म्हणतो, त्यातली बरीचशी तयारी शरीरानं आधीच केलेली असते. मोठेपणी जे वजन राहायचं, त्याचा जवळपास निम्मा भाग याच चार-पाच वर्षांत अंगावर चढतो. तो चढायलाच हवा.

पाळीला चरबी लागते हे हार्वर्डच्या रोझ फ्रिश यांनी १९७० च्या दशकात मांडलं. त्यांनी काढलेला ठरावीक वजनाचा आकडा इतर संशोधकांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. पण १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि दुवा सापडला. चरबीच्या पेशी लेप्टिन तयार करतात, आणि साठा पुरेसा आहे ही खबर त्यातून मेंदूला मिळते. साठा फार कमी झाला की मेंदू पाळीचं काम थांबवतो. फार कमी खाऊन भरपूर सराव करणाऱ्या धावपटू आणि नर्तकी मुलींची पाळी बंद पडते, ती यामुळे.

हाडांकडे तर आपण बघतच नाही. मुलीच्या आयुष्यभराच्या हाडांची सुमारे ९० टक्के भर अठरा वर्षांपर्यंत झालेली असते. नंतर थोडीच भर पडते, पुढे खर्चच असतो. आमच्या सासूबाईंची पाठ आता वाकली आहे, उठताना त्या दोन्ही हातांनी गुडघा धरतात. त्याचं कारण मी कुणा एका गोष्टीवर टाकणार नाही. पण त्यांना बघून मला वाटतं, माझ्या मुलीची ही वर्षं हाडांची बेगमी करायची आहेत, ताटातलं कमी करायची नाहीत.

बरं, वजनकाट्यावर विश्वास तरी किती ठेवायचा? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या हिशेबानं काढलेलं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असतो, हे त्यांनी स्वतःच्याच उदाहरणानं दाखवलं. म्हणून पंगतीत ज्या "शिडशिडीत" मुलीचं कौतुक होतं, तिचं सगळं ठीकच असेल असंही नाही.

मोठ्या माणसांचे बीएमआयचे आकडे वाढत्या मुलांना लावायचे नसतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते सुधारून प्रसिद्ध केले. त्यात वयानुसार रेषा वर जात राहते. आमच्या डॉक्टरांनी धाकटीचा ठिपका तक्त्यावर मांडून दाखवला, तो जाडीच्या रेषेच्या खाली होता. तिनं तो कागद मागून घेतला. एरवी माझ्या सांगण्यावर तिचा फारसा विश्वास नसतो.

याचा अर्थ जाडपणा हा नुसता भ्रम आहे असं नाही. आपल्या घरांत शेव, चिवडा, तळण, पेढे यांना मोसम नसतो आणि शाळा-क्लासमुळे मुली दिवसभर बसून असतात. मानेवर, काखेत काळपट मखमलीसारखा थर दिसला तर तो मळ समजून डाळीच्या पिठानं घासत बसू नका. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. तसंच पाळी सुरू झाल्यावर तीन-तीन महिने येत नसेल, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आली नसेल, किंवा मुलगी झपाट्यानं वाळत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आधी शेजारणीला विचारू नका.

आता उपवासाचं. धाकटीशी मी भांडले नाही. पाठशाळेत ती तीन शल्यं शिकली आहे, तीच तिला विचारली. "माया, मिथ्यात्व, निदान," तिनं एका दमात सांगितलं.

"निदान म्हणजे?"

"तपाच्या बदल्यात काहीतरी मागणं. राज्य, संपत्ती, रूप..." आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तू ऐकलंस ना रात्री?"

"ऐकलं."

ती रडली. तिच्या वर्गातल्या मुली एकमेकींच्या मनगटाभोवती बोटं गुंडाळून बघतात आणि कुणाची बोटं जुळत नाहीत ते सगळ्यांना सांगतात, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाई जपमाळ घेऊन तिथंच बसल्या होत्या. त्यांनी स्वतः सोळाकारण व्रत केलंय, घरात त्यांच्याएवढं तप कुणाचं नाही. मला वाटलं, त्या नातीचीच बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "सोळा भावनांत शक्तितस्तप आहे की नाही? शक्ती बघून. तुझी शक्ती सध्या वाढण्यात चाललीय बाळ. बारीक होण्यासाठी जेवण सोडलंस तर ती नुसती उपाशी पोरगी झाली, तप कुठं झालं?" मी इतकं सरळ सांगू शकले नसते.

मग आम्ही तिघींनी मिळून ठरवलं. यंदा ती पंचमी आणि अनंत चतुर्दशीला एकाशन करेल. बाकीचे दिवस तिच्या आवडीचा एक-एक पदार्थ सोडेल. रसपरित्यागही तपच आहे. पहिल्या दिवशी तिनं शेव सोडायचं ठरवलंय, त्याला माझी काही हरकत नाही!

खरी अडचण चौविहाराची होती. क्लास सुटतो सातला, तोवर सूर्यास्त होऊन गेलेला असतो. दुपारी दोनच्या जेवणानंतर ती सकाळपर्यंत उपाशी राहायची, आणि सकाळी घाईत बिस्किटं. वाढीच्या वयात हे चालणार नाही. आता क्लासला जायच्या आधी, पाच वाजता, तिला पूर्ण जेवण वाढते. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, वाटीभर दही. दही आणि उसळ एका जेवणात न घेणाऱ्यांनी उसळीऐवजी पालेभाजी करावी. सकाळी दूध आणि तीळ-शेंगदाण्याचा लाडू. या वयाला रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पाळी सुरू झाली की लोहही जास्त. आपण कंदमुळं खात नाही म्हणून काही अडत नाही. डाळी-कडधान्यं, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्यांवर लिंबू आणि दूध-दही नेमानं पोटात गेलं पाहिजे. रोज संध्याकाळी ती आणि मी दोर उड्या मारतो. माझ्या पंचवीस होतात, तिच्या दीडशे.

नातेवाइकांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. मागच्या रविवारी एका लग्नात पुन्हा तेच झालं. मी म्हटलं, "हो काकू, दोन वर्षांत चौदा सेंटिमीटर वाढली, आता माझ्या खांद्याला लागते." काकूंनी तिला खरंच माझ्याजवळ उभं करून बघितलं.

दशलक्षणासाठी तिचा नवा पांढरा ड्रेस शिवायला टाकलाय. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवायला सांगितली आहे, आणि खालीसुद्धा.