चौऱ्याहत्तर चाकांची यात्रा

प्रवासात सामान थोडे असावे, हा सल्ला आपण दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी एक वळकटी जास्तच बांधतो. पण ज्या प्रवासात सामान हाच यजमान आणि माणसे केवळ त्याच्या तैनातीला, अशा एका प्रवासाची ही हकीगत आहे.

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक यंत्र निघाले. जायचे होते तिरुवनंतपुरमला, विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात. नाव ऑटोक्लेव्ह. गृहिणींना सांगायचे तर हा एक अजस्र प्रेशर कुकरच! फक्त यात भात शिजत नाही. अग्निबाणाचे हलके, पण कणखर भाग उष्णतेने आणि दाबाने पक्के होतात. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी. असल्या भांड्याचे तुकडे करून पुन्हा सांधणे परवडणारे नव्हते. आणि हे धूड आगगाडीच्या बोगद्यात कसे शिरणार? तेव्हा रस्ता हाच वाली.

मालमोटारीला चाके ७४. इतकी कशाला? भार जितक्या चाकांवर वाटला जाईल, तितका रस्ता खचत नाही, पूल कुरकुरत नाही. बरोबर माणसे ३२. वाटेत कुठे झाडाची फांदी छाटायची, कुठे विजेच्या तारा उतरवून गाडी गेली की पुन्हा चढवायच्या, कुठे पुलाची ताकद आधी जोखायची. गाडी चालू लागली की इतर वाहतूक बंद. सरासरी काढली, तर दिवसाला पाच किलोमीटरही पडत नाहीत. आपल्या पंढरीच्या पालख्या याहून किती झपाझप चालतात!

असे ओझे वाहणे आपल्या मुलखाला नवे नाही. १६३२ साली ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ परंड्याहून विजापूरला नेली, तेव्हा दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते, असे सांगतात. हत्तींना निदान विजेच्या तारांचा जाच नव्हता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तांडा आंध्रात अडकून पडला. सारा देश घरात बसलेला, आणि ही माणसे परमुलखात, रस्त्याच्या कडेला एका यंत्राची राखण करीत! घराची ओढ त्यांना नसेल काय? पण ओझे टाकून कोणी निघून गेले नाही. वाट मोकळी होताच चाके पुन्हा फिरू लागली. १९ जुलै २०२० रोजी, सुमारे १,७०० किलोमीटर तुडवून, गाडी तिरुवनंतपुरमला पोहोचली. वर्ष उलटून गेले होते.

श्रीहरिकोट्याहून सुटलेला अग्निबाण वीसएक मिनिटांत उपग्रहाला त्याच्या कक्षेत सोडतो. आपण माना वर करून टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांतल्या चार, वाचकहो, खाली रस्त्यावरच्या या बत्तीस जणांसाठीही असाव्यात.